वेळेत पोहोचणारी बातमी: लहान शहरासाठी स्थानिक बातम्या आणि कार्यक्रमांचे पत्रक कसे चालवावे

लहान शहरात बातम्यांचा तुटवडा कधीच नसतो. त्या वेळेवर पोहोचत नाहीत, ही खरी अडचण असते. घरासमोरचा रस्ता रुंद होणार असल्याचे लोकांना विकास आराखड्यावर हरकती नोंदवण्याची मुदत संपल्यावर कळते, नेत्रतपासणी शिबिराची छायाचित्रे शिबिर आटोपल्यावर मोबाइलवर फिरतात, आणि पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना नळ कोरडा पडल्यानंतर हाती येते. दैनिकांच्या जिल्हा पानांवर अशा शहरांना मिळणारी जागा थोडी असते आणि तीही बहुतेक वेळा घडून गेलेल्या गोष्टींनीच भरते. म्हणून एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला, ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा तीन-चार जाणत्या नागरिकांना आपल्या शहरासाठी नियमित पत्रक सुरू करायचे असेल, तर त्यांनी आरंभीच एक कसोटी ठरवावी: वाचणाऱ्याला काही करता येईल इतक्या आधी बातमी त्याच्या हाती पडली पाहिजे. पुढील सूचना महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींची शहरे डोळ्यांसमोर ठेवून आणि याच कसोटीला धरून लिहिल्या आहेत.

आधी नोंदवही, मग पत्रक

पहिला अंक काढण्याची घाई करू नये. निदान दोन महिने केवळ नोंदवही चालवावी, कारण पत्रकाचा कणा तीच असते. प्रत्येक दिवसाला एक पान असलेली साधी दैनंदिनी यासाठी पुरते. संगणकावर तक्ता ठेवला तरी हरकत नाही, पण तो एकापेक्षा अधिक जणांना उघडता आला पाहिजे. प्रत्येक नोंदीत काय आहे, कधी आहे, कोठे आहे, ही माहिती कोणी व कोणत्या दिवशी दिली आणि तिची खातरजमा कोणी केली, एवढे लिहिलेच पाहिजे. शेवटच्या दोन गोष्टी नवखी मंडळी हमखास गाळतात, आणि महिन्याभराने वाद उद्भवला की नेमक्या त्याच सापडत नाहीत.

नोंद दोन पानांवर करावी, हा या कामातला सर्वांत उपयोगी नियम आहे. एखाद्या हरकतीची मुदत २० तारखेला संपत असेल, तर २० तारखेच्या पानावर ती लिहावीच, शिवाय ज्या दिवशी ती लोकांना कळवायची त्या दिवसाच्या पानावरही लिहावी. रक्तदान शिबिरासाठी चार-पाच दिवस आधी कळवणे पुरते. परंतु ज्या गोष्टीसाठी कागदपत्रे गोळा करावी लागतात तिच्यासाठी दोन आठवडेसुद्धा थोडे पडतात, कारण जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला काही एका दिवसात हाती येत नाही.

माहिती गोळा करणारी आणि ती तपासणारी व्यक्ती वेगळी असावी. माणसे कमी आहेत म्हणून हा नियम सोडण्याचा मोह होतो; पण ज्याने बातमी आणली त्याला तिच्यातली चूक सहसा दिसत नाही.

नगरपरिषदेचा कागद वाचायला शिकणे

शहराच्या रोजच्या जगण्याशी सर्वांत जास्त संबंध येतो तो नगरपरिषदेचा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने तिचा कारभार चालतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘अ’ वर्गात, चाळीस हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि त्याखालच्या ‘क’ वर्गात मोडतात. नगराध्यक्ष हे लोकप्रतिनिधी असतात, तर मुख्याधिकारी हे प्रशासनाचे प्रमुख असतात. सभेत काय ठरले हे पदाधिकाऱ्यांकडून कळू शकते. पण ते काम कोणत्या टप्प्यावर आहे याचे उत्तर प्रशासनाकडूनच घ्यावे.

हा टप्प्यांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ‘रस्त्याचे काम मंजूर’ हे शब्द लहान शहरात वर्षानुवर्षे ऐकू येतात आणि रस्ता मात्र होता तसाच राहतो. याचे कारण नेहमी लबाडीच असते असे नाही. ‘मंजूर’ हा एकच शब्द अनेक वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सभेत ठराव संमत होणे, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळणे, कामाला प्रशासकीय मान्यता मिळणे, निधी प्रत्यक्ष वर्ग होणे, निविदा प्रसिद्ध होणे, ती उघडून स्वीकारली जाणे आणि ठेकेदाराला कार्यारंभ आदेश देणे या साऱ्या स्वतंत्र पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही दोन पायऱ्यांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. भूमिपूजनाचा नारळ यांपैकी कोणत्या पायरीवर फुटला हे विचारल्याशिवाय त्याची बातमी लिहू नये. पत्रकात ‘मंजूर’ हा शब्द एकटा कधीच वापरू नये. ‘प्रशासकीय मान्यता मिळाली असून निविदा अद्याप निघालेली नाही’ असे लिहिले की वाचकाला आपण कोठे उभे आहोत ते नेमके कळते. कार्यारंभ आदेशात काम पूर्ण करण्याची मुदत दिलेली असते. ती मुदत नोंदवहीत त्या-त्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे तो दिवस उजाडल्यावर पुढची बातमी आपोआप समोर येते.

दर आठवड्याला एका ठरावीक दिवशी नगरपरिषदेचा सूचना फलक पाहून यावा. संकेतस्थळावर सर्व काही मिळेल असे गृहीत धरू नये. सभेची विषयपत्रिका निघाली की तिच्यातील ज्या विषयांचा थेट संबंध लोकांशी येतो ते चार-पाच विषय साध्या भाषेत लिहून सभेच्या आधी प्रसिद्ध करावेत, कारण आपल्या प्रभागाच्या सदस्याला भेटून म्हणणे मांडण्याची वेळ तेव्हाच असते. सभा झाल्यावर ठराव काय झाला, सूचक आणि अनुमोदक कोण होते, विरोध कोणी व कशासाठी नोंदवला हे द्यावे. इतिवृत्त कायम होईपर्यंत ठरावाची भाषा शब्दशः देण्याचे टाळावे.

ज्या सूचनांवर नागरिकांना हरकत घेता येते, त्या सूचनांना पत्रकात पहिली जागा असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रसिद्ध होणारा प्रारूप विकास आराखडा, मालमत्ता कराची दर चार वर्षांनी होणारी (चतुर्थ वार्षिक) आकारणी, निवडणुकीपूर्वीची प्रारूप प्रभाग रचना आणि प्रारूप मतदार यादी ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या सूचना क्लिष्ट भाषेत येतात आणि त्यांची मुदत थोडी असते, त्यामुळे नकाशा किंवा यादी कोठे पाहायला मिळेल, हरकत कोणाच्या नावे लिहायची, सोबत काय जोडायचे, ती कोणत्या दिवशी कार्यालय सुटण्यापूर्वी द्यायची आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यायची, हे सारे सोप्या वाक्यांत लिहावे. मुदतीचा आकडा आपल्या आठवणीतून न देता त्या सूचनेतच वाचून द्यावा आणि सूचनेची तारीखही सोबत छापावी.

माहितीचा अधिकार केव्हा वापरावा

रोजच्या बातमीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्याची गरज नसते. खिडकीवर जाऊन नम्रपणे विचारले तर पुष्कळ गोष्टी मिळतात, आणि बऱ्याच बाबी कार्यालयाने कोणी न मागताच प्रसिद्ध कराव्यात असे या कायद्याचे कलम ४ सांगते. जे प्रश्न वारंवार विचारूनही सुटत नाहीत, त्यांच्यासाठी अर्ज राखून ठेवावा. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आहे. राज्यात अर्जाचे शुल्क १० रुपये असून जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर मिळाले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसल्यामुळे त्यांचे अर्ज अडकतात.

अर्जात ‘काम का रखडले?’ असे विचारू नये, कारण कारणे देण्यासाठी नव्हे तर नोंदी देण्यासाठी हा कायदा आहे. त्याऐवजी अमुक प्रभागातील गटाराच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मुदतवाढ दिली असल्यास तो आदेश आणि मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे जिच्यात लिहितात ती वही) नोंदी यांच्या प्रती मागाव्यात. काम का रखडले याचे उत्तर त्या कागदांत सापडते. कागद फार असतील तर आधी अभिलेखाची पाहणी मागावी आणि हव्या तेवढ्याच पानांच्या प्रती घ्याव्यात.

भोवतालची गावे

तालुक्याच्या शहराचे पत्रक आजूबाजूच्या गावांतही वाचले जाते, म्हणून ग्रामसभांच्या तारखा त्यात असाव्यात. वर्षातून किमान चार ग्रामसभा होणे अपेक्षित असते आणि त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या सभा सर्वांना परिचित आहेत. विषय आधी कळले तर लोक येतात. पंचायत समिती आणि तहसील कार्यालयाचे फलक महिन्यातून दोनदा पाहणे पुरेसे होते.

तारीख, तिथी आणि चंद्रदर्शन

कार्यक्रमांच्या यादीत सर्वाधिक चुका होतात त्या गेल्या वर्षीची यादी पुढे उतरवल्यामुळे. आपल्या शहरांत एकाच वेळी तीन कालगणना चालतात आणि ज्याने यादी करायची त्याला तिन्हींची जाण असली पाहिजे. काही दिवस इंग्रजी तारखेला बांधलेले आहेत: १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केला तो ६ जानेवारीचा पत्रकार दिन, १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, १ मेचा महाराष्ट्र दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. हे एकदा लिहिले की दरवर्षी तसेच राहतात.

तिथीने येणाऱ्या यात्रा, पालख्या आणि उत्सव मात्र दरवर्षी सरकतात. साधारणपणे ते आदल्या वर्षापेक्षा दहा ते बारा दिवस अलीकडे येतात. परंतु मध्ये अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. गणेश चतुर्थीच्या तारखा पाहिल्या की हे स्पष्ट होते: २०२२ मध्ये ती ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती पुन्हा १४ सप्टेंबरला गेली. शिवजयंती शासनाच्या वतीने १९ फेब्रुवारीला आणि अनेक ठिकाणी तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीयेला साजरी होते, त्यामुळे शहरात दोन्ही मिरवणुका निघत असतील तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात आणि कोणती कोणत्या मंडळाची आहे ते लिहावे. उरुसाच्या तारखा हिजरी महिन्यांप्रमाणे ठरतात आणि तेथे अधिक महिना नसल्यामुळे त्या दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे सरकतच राहतात. चंद्रदर्शनावर अवलंबून एखाद्या दिवसाचा फरकही पडतो. म्हणून पंचांगात पाहून किंवा दिनदर्शिकेवर विसंबून तारीख छापू नये. देवस्थानच्या विश्वस्तांना किंवा दर्ग्याच्या व्यवस्थापकांना प्रत्यक्ष विचारावे, कारण दोन पंचांगांत एका दिवसाचे अंतर पडले तर पालखी कोणत्या दिवशी निघेल हे अखेर तेच ठरवतात. नोंदवहीत अशा तारखा पेन्सिलने लिहाव्यात आणि निश्चिती मिळाली की शाईने.

कार्यक्रमाची सूचना कशी लिहावी

आयोजकांकडून येणारा मजकूर बहुधा असा असतो: ‘भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिराचे आयोजन मान्यवरांच्या शुभहस्ते होत असून सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा.’ या वाक्यात भावना चांगली आहे. पण गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजींना त्यातून काहीच कळत नाही. त्यांना हवे आहे ते असे: ‘रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत नगरपरिषदेच्या शाळा क्रमांक दोनमध्ये रक्तदाब, रक्तातील साखर आणि डोळ्यांची तपासणी होईल, साखरेच्या तपासणीसाठी उपाशीपोटी यावे, नावनोंदणी ११ वाजता बंद होईल, तपासणी तळमजल्यावर आहे, आधीचे तपासणी अहवाल सोबत आणावेत.’ यातला प्रत्येक तपशील आयोजकाला विचारून मिळवावा लागतो, आणि तो मिळवणे हेच पत्रकाचे खरे काम आहे. ‘तळमजल्यावर’ हा एक शब्द वाचून घरातून निघण्याचा निर्णय घेणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत.

पाहुण्यांच्या नावांवरून लहान शहरांत मने दुखावतात. कोणाचे नाव आधी, कोणाचे नंतर आणि कोणाचे राहून गेले यावरून मंडळे पत्रकाशी अबोला धरतात. यावर उपाय एकच: जी व्यक्ती त्या कार्यक्रमात बोलणार, गाणार, शिकवणार किंवा तपासणार आहे तिचेच नाव द्यायचे, आणि हा नियम लेखी करून पहिल्या दिवसापासून सर्वांना सारखा लावायचा. पहिले काही महिने नाराजी सोसावी लागते. नंतर लोकच तो नियम इतरांना समजावून सांगू लागतात.

परवानगीच्या बाबी विचारणे हे आगाऊपणाचे नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही; वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवशी राज्य शासनाला ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करता येते. जिल्ह्यासाठी हे दिवस जाहीर झाले की ती यादी पत्रकात छापावी; मंडळांना आणि शेजाऱ्यांना दोघांनाही तिचा उपयोग होतो. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून शासनाने जाहीर केलेला असू शकतो, हेही मिरवणुकीचा मार्ग छापताना ध्यानात ठेवावे. कार्यक्रमासाठी वर्गणी किंवा देणगी मागितली जात असेल, तर संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का, आणि नसल्यास धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली आहे का, हे विचारल्याशिवाय देणगीचे आवाहन छापू नये.

या नोंदवहीचा आणखी एक उपयोग आहे, जो सुरुवातीला ध्यानात येत नाही. एकाच संध्याकाळी दोन व्याख्याने ठेवली गेली की दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. आयोजकांना तारीख ठरवण्यापूर्वी नोंदवही पाहू देण्याची पद्धत पाडली, तर हे टळते. दहावी-बारावीच्या परीक्षांचे वेळापत्रकही वहीच्या त्या पानांवर ठळक अक्षरांत असावे, म्हणजे त्या काळात ध्वनिक्षेपकाचा कार्यक्रम ठरवणाऱ्याला ते आपोआप दिसते.

आकडे: बाजारभाव, पाऊस, वीज आणि बस

बाजार समितीतील भाव देताना किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तिन्ही दर क्विंटलमध्ये द्यावेत आणि त्या दिवसाची आवकही द्यावी. केवळ ‘उच्चांकी भाव’ छापणे हे शेतकऱ्याचे नुकसान करणारे आहे. कमाल दर कधीकधी निवडक मालाच्या थोड्याशा वाट्यालाच मिळालेला असतो, आणि तो वाचून ज्याने गाडी भरून माल आणला त्याच्या हाती सर्वसाधारण दरसुद्धा पडेलच असे नाही.

पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या महसुली विभागाच्या, नावासह द्यावा. सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो, म्हणून ‘आजचा पाऊस’ असे न लिहिता ‘आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांतला पाऊस’ असे लिहावे. राज्यात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांचा व मदतीचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला असतो. त्यामुळे शेजारच्या मंडळाचा आकडा चुकून आपल्या नावावर छापणे ही किरकोळ चूक राहत नाही. देखभालीसाठी वीज बंद राहण्याच्या वेळा महावितरणच्या स्थानिक कार्यालयातून आणि एस. टी.च्या फेऱ्यांतील बदल आगारातून, शक्यतो लेखी घ्यावेत.

निधन, अपघात आणि गुन्हे

निधनवार्ता हा लहान शहरातील सर्वाधिक वाचला जाणारा मजकूर आहे आणि तिच्यातली चूक सर्वांत जास्त जखम करते. मोबाइलवर फिरत आलेल्या संदेशावरून ती कधीही देऊ नये. कुटुंबातील एका व्यक्तीकडून आणि शेजारी, रुग्णालय किंवा संस्था यांपैकी आणखी एका ठिकाणाहून खात्री झाल्यावरच द्यावी. एकाच आडनावाची आणि एकाच नावाची दोन माणसे शहरात असतातच, म्हणून वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि पूर्वीचा व्यवसाय कुटुंबाच्या संमतीने लिहावा. अंत्ययात्रा कोठून व किती वाजता निघणार हे कळणे आप्तांना गरजेचे असते. तेवढे पत्रकाच्या दिवसाची वाट न पाहता फलकावर लावावे.

आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा आणि चिठ्ठीतील मजकूर देऊ नये, एकच कारण ठामपणे जोडू नये, आणि मानसिक आधारासाठी असलेला शासनाचा टेली-मानस क्रमांक १४४१६ सोबत द्यावा.

गुन्ह्यांच्या बातमीत कायदा काय सांगतो ते प्रत्येक सहकाऱ्याला तोंडपाठ असावे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ हीच मनाई करतात. मात्र केवळ नाव गाळल्याने ओळख लपते हा समज लहान शहरात खरा ठरत नाही. वस्तीचे नाव, शाळेची इयत्ता, वडिलांचा व्यवसाय यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की अख्ख्या गल्लीला घर कळते. आरोपी नात्यातला असेल तर आरोपीचे नाव छापण्यानेच पीडिता उघड होते. अशा वेळी ‘तालुक्यातील एका प्रकरणी गुन्हा दाखल झाला असून एकाला अटक करण्यात आली आहे’ एवढेच लिहावे. बातमी त्रोटक राहिली तर राहू द्यावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल साधारणपणे चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात; ऐकीव माहितीपेक्षा तो अहवाल वाचून लिहावे. परंतु अहवालात आहे ते फिर्यादीचे म्हणणे असते, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हे वाक्यरचनेतून दिसले पाहिजे. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आपण दिली, तो पुढे निर्दोष सुटला तर ती बातमी तितक्याच जागेत, त्याच ठिकाणी देणे हे आपले कर्तव्य आहे. त्यासाठी प्रत्येक खटल्याची पुढची तारीख नोंदवहीत चढवत राहावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्याला त्याच गावात मान वर करून राहायचे आहे त्याच्यासाठी ते कोणीतरी केलेच पाहिजे.

नोंदणी, जाहिराती आणि निवडणूक

ठरावीक काळाने छापून निघणारे आणि सार्वजनिक बातम्या असलेले प्रकाशन नियतकालिकात मोडते. त्यासाठी १८६७ च्या जुन्या कायद्याऐवजी आता प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ लागू आहे. तो १ मार्च २०२४ पासून अंमलात आला आणि नोंदणीचा अर्ज प्रेस सेवा या पोर्टलवरून करावा लागतो. पहिला अंक छापण्याआधीच हे काम करून घ्यावे. केवळ इंटरनेटवर बातम्या देणार असाल, तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील आचारसंहिता आणि तक्रार निवारणाची तरतूद वाचून घ्यावी.

जाहिरातीला चौकट आणि वर ‘जाहिरात’ हा शब्द असलाच पाहिजे. निवडणुकीच्या काळात कोणत्याही उमेदवाराची पैसे घेऊन दिलेली बातमी छापू नये आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही त्या काळात जागा देऊ नये. त्याऐवजी सर्व उमेदवारांना तेच चार प्रश्न लेखी पाठवावेत, सर्वांना सारखीच शब्दमर्यादा द्यावी आणि ज्याने उत्तर दिले नाही त्याच्या नावापुढे ‘उत्तर आले नाही’ असे लिहावे. प्रश्न पाणी, कचरा, शाळा आणि रस्ता यांच्या ठोस कामांविषयी असावेत.

पोहोचवणे आणि चूक सुधारणे

आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी पत्रक निघावे, म्हणजे खेड्यांतून येणाऱ्यांच्याही हाती ते पडते. छापील पत्रकासोबत चौकातला काळा फळा फार उपयोगी ठरतो. पूर्वी दवंडीने जे काम होत असे ते आता त्यावर होते. फळ्यावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त लिहू नये आणि अक्षर रस्त्यापलीकडून वाचता यावे इतके मोठे असावे. मोबाइलवर पाठवताना केवळ चित्र न पाठवता मजकूर अक्षरांतही पाठवावा, कारण चित्रातील मजकूर अंध व्यक्तीच्या फोनला सहजासहजी वाचून दाखवता येत नाही आणि पुढे शोधताही येत नाही.

चूक झाली तर दुरुस्ती पहिल्या पानावर ठरावीक जागी द्यावी. मूळ मजकूर काय छापला होता, बरोबर काय आहे आणि चूक कशामुळे झाली, ही तीन वाक्ये पुरेत. मोबाइलवर पाठवलेला चुकीचा मजकूर गुपचूप पुसून टाकू नये. तो तोवर पुढे गेलेला असतो, म्हणून दुरुस्तीचा संदेश त्याच सर्व ठिकाणी पाठवावा.

प्रत्येक अंकाच्या दोन प्रती सार्वजनिक वाचनालयात जमा कराव्यात आणि वर्षाअखेरीस त्यांची बांधणी करून घ्यावी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी मिळून बसावे आणि जुन्या वहीवरून नवी वही भरावी: इंग्रजी तारखांचे दिवस शाईने, यात्रा-उरूस पेन्सिलने आणि विश्वस्तांना कधी विचारायचे त्या दिवसासह, न्यायालयांच्या पुढच्या तारखा, कार्यारंभ आदेशांच्या मुदती, आणि ज्या कामांची मुदत उलटून गेली आहे त्यांची यादी पहिल्याच पानावर.